बत्तीस बोर म्हणजे नेमकं कोणतं काडतूस?

आमच्या लायसनवर हत्याराच्या रकान्यात एवढंच लिहिलं आहे: रिव्हॉल्वर, ०.३२ बोर, १ नग. बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. वारसा हक्कानं लायसन माझ्या नावावर झालं तेव्हा बाबूनं आजोबांच्या जुन्या लायसनवरची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या एका ओळीच्या भरवशावर मी १९९९ साली नागपूरला जाऊन काडतुसं आणली. ती चुकीची निघाली. वाईट म्हणजे चुकीची असूनही ती रिव्हॉल्वरमध्ये छान बसत होती.

झालं असं. पवनीहून सकाळच्या एसटीनं निघालो, दुकानात लायसन दाखवलं. काउंटरवरच्या नव्या पोरानं आकडा वाचला आणि बत्तीसचा डबा काढून दिला. मी पैसे दिले, लायसनवर नोंद करून घेतली. रिव्हॉल्वर त्या दिवशी दुरुस्तीच्या मिस्त्रीकडे होती, म्हणून तिकडे गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रीनं एक काडतूस उचललं, नखानं त्याच्या बुडाची कड चाचपली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "भाऊ, हे पिस्तुलाचं हाये जी. तुमची तर रिव्हॉल्वर आहे."

आपल्याकडे 'बत्तीस बोर' या एका नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. एक पिस्तुलाचं, ज्याला जगभर .३२ एसीपी म्हणतात. दुसरं रिव्हॉल्वरचं, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग; हे नाव ते काढणाऱ्या अमेरिकन हत्यार कंपनीचं. मिलिमीटरमध्ये पहिलं ७.६५ × १७, दुसरं ७.६५ × २३. गंमत अशी की गोळीची खरी जाडी ना ७.६५ मिमी असते ना ०.३२ इंच. ती साधारण ७.९ मिमी असते. म्हणजे दोन्ही नावं खोटी, आणि आपण त्यांच्यावर विसंबून चाप ओढणार!

दोन्ही शेजारी ठेवली तर फरक आंधळ्यालाही कळेल. रिव्हॉल्वरचं अख्खं काडतूस ३२ मिमीच्या आसपास लांब, पिस्तुलाचं २५ मिमी. रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या बुडाला ताटाच्या काठासारखी ठसठशीत कड असते आणि त्या कडेवरच ते सिलिंडरच्या घरात अडकून राहतं. पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाशी खाच कोरलेली असते आणि कड पुंगळीपेक्षा, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यापेक्षा, जेमतेम केसभर बाहेर येते. पण ती केसभर कडही कित्येक जुन्या सिलिंडरमध्ये अडकायला पुरते, आणि घात इथेच होतो. अजिबात बसलंच नसतं तर माणूस शहाणा झाला असता.

बसलं तर वाजवायला काय हरकत, असं मी मिस्त्रीला विचारलंच. हरकत दाबाची आहे. अमेरिकन मापदंडानुसार रिव्हॉल्वरच्या या काडतुसाला चौरस इंचाला १५,००० पौंड दाबाची मर्यादा आहे, पिस्तुलाच्या काडतुसाला २०,५००. म्हणजे दाब तिसऱ्या हिश्शाहूनही जास्तीनं वाढला. नव्या लोखंडाची गोष्ट वेगळी. आमची रिव्हॉल्वर माझ्या वडिलांच्या वयाची आहे. म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपता येतं, पण मुरमाड रानात नाही. डबा मी त्याच दिवशी दुकानात परत केला. नोंद खोडून नवी करायला अर्धा दिवस गेला आणि शेवटची एसटी चुकली.

म्हणून पहिलं काम: लायसन बाजूला ठेवा आणि हत्यार वाचा. लायसन वाचायचं ते आपल्याला काय बाळगायची मुभा आहे हे कळायला. हत्यारात काय चालतं ते हत्यारावरच कोरलेलं असतं, आणि नसेल तर मोजून काढावं लागतं.

वाचण्याआधी सिलिंडर उघडून सहाच्या सहा घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी दरवेळी करतो आणि बायको दरवेळी हसते. हसू द्या.

आमच्या रिव्हॉल्वरच्या नळीवर डाव्या बाजूला कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह आणि '.३२ पोलीस सीटीजी' अशी अक्षरं आहेत; सीटीजी म्हणजे कार्ट्रिज, काडतूस. ते 'पोलीस' वाचून गावात एकानं वडिलांना घाबरवलं होतं की हे पोलिसांचं काडतूस आहे, सामान्य माणसानं ठेवलं तर आत जाल. त्यातलं खरं इतकंच की हे काडतूस स्मिथ अँड वेसननं १८९६ साली काढलं. त्याच साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कोल्टची बत्तीसची रिव्हॉल्वर घेतली. तिथले पोलीस आयुक्त होते थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. कोल्टला आपल्या हत्यारावर स्पर्धकाचं नाव कोरायचं नव्हतं. त्यांनी गोळीचं नाक थोडं चपटं केलं आणि काडतुसाला 'कोल्ट न्यू पोलीस' असं नाव दिलं. पुंगळी तीच, दाब तोच. नळीवर असं लिहिलं असेल तर काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँगच मागायचं. भाऊबंदकीत आडनाव बदललं म्हणून रक्त बदलत नाही, तसंच हे.

मात्र याच मॉडेलच्या सुरुवातीच्या काही रिव्हॉल्वर .३२ लाँग कोल्ट नावाच्या आणखी एका काडतुसासाठीही बनल्या होत्या. त्याची पुंगळी अंगानं बारीक असते, स्मिथ अँड वेसनची ८.६ मिमी तर हिची ८.१. त्यामुळे आपलं काडतूस तसल्या घरात शिरतच नाही. शिरत नाही म्हणून घर कानसून मोठं करून देणारे महाभाग भेटतात. त्यांना चहा पाजा आणि रिव्हॉल्वर घेऊन घरी या.

नळीवर काहीच नसेल, किंवा घासून घासून पुसलं गेलं असेल, तर प्रूफचे शिक्के शोधा. ते सिलिंडरवर, नळीच्या मुळाशी, कधी सांगाड्यावर असतात. भिंगाशिवाय दिसत नाहीत. मी नातीचं शाळेतलं भिंग वापरतो. विलायतेत लंडन आणि बर्मिंगहॅमला प्रूफ हाउस आहेत. तिथे प्रत्येक हत्यार जादा दाबाचं काडतूस मारून तपासायचे आणि मग ठसा उमटवायचे. बर्मिंगहॅमच्या मुकुटाखाली एनपी ही अक्षरं असतील तर हत्यार नायट्रो म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेलं आहे. मुकुटाखाली नुसतं बीपी किंवा बीव्ही असेल आणि एनपी कुठेच नसेल, तर ते काळ्या दारूच्या काळातलं समजा. काळी दारू हळूहळू रेटते, बिनधुराची एकदम टोला देते. अशा हत्यारात आजचं कुठलंही कारखान्याचं काडतूस घालायचं नाही. ते तेल लावून पेटीत ठेवायचं आणि दसऱ्याला पूजेला काढायचं.

आमच्या कोल्टवर 'नॉट इंग्लिश मेड' असाही ठसा आहे. विलायतेत तपासलेल्या परदेशी हत्यारांवर तो १९२५ ते १९५५ या काळात मारायचे. आजोबांनी ती कलकत्त्याहून मागवली असं घरात सांगतात, ते त्या ठशाशी जुळतं. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारजमा झाला, वाड्याच्या भिंती पावसानं नेल्या. राहिलं ते हे अर्धा किलोचं लोखंड. १९५४ नंतरच्या शिक्क्यांत तर बोर, पुंगळीची लांबी इंचात आणि चौरस इंचाला किती टन दाब, हे सगळं आकड्यांत दिलेलं सापडतं. असा शिक्का मिळाला तर निम्मं काम झालंच.

बेल्जियमच्या लिएजची लंबगोलात ईएलजी अक्षरं असलेली छोटी खिशातली रिव्हॉल्वर आपल्याकडच्या जुन्या घरांत कधीकधी निघते. तिच्यावर .३२० असं असेल तर त्या शेवटच्या शून्याला शून्य समजू नका. .३२० हे वेगळंच, जुनं, मवाळ काडतूस आहे. त्याची रिव्हॉल्वर आणि आपलं बत्तीस लाँग यांचा संबंध नाही. तसंच पूर्वी एक आखूड .३२ स्मिथ अँड वेसन होतं, १८७८ सालचं. आखूड काडतूस लांब घरात चालतं. लांब काडतूस आखूडवाल्या रिव्हॉल्वरमध्ये चालत नाही, मग ते रेटून बसत का असेना. हत्यार मधून मोडून उघडणारं, हलकं, सिलिंडर आखूड, असं असेल तर संशय घ्या.

आणि पेटीतून .४५५ ची थोरली वेब्ली (विलायती बनावटीची रिव्हॉल्वर) किंवा .३८ निघाली तर दुकानाकडे फिरकूच नका. ते प्रतिबंधित बोर आहेत. त्यांचा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात आणि त्याच्याही वर, दिल्लीत गृह मंत्रालयात सुटतो. तोवर हत्यार ठाण्यात किंवा लायसनवाल्या दुकानात जमा करून पावती घ्यायची.

मोजणी मिस्त्रीकडून करून घ्या. तो वितळलेल्या गंधकाचा किंवा कमी उष्णतेत वितळणाऱ्या धातूचा साचा घराच्या आत घेतो आणि व्हर्नियर लावतो. घरच्या घरी मेणबत्तीचं मेण ओतून प्रयोग करू नका. मी केला होता. मेण आकसतं, माप खोटं येतं आणि दोन दिवस टूथपिकनं घर खरवडत बसावं लागतं.

हत्यार बत्तीस लाँगचं आणि नायट्रोचं ठरलं की पुढचं सोपं आहे. या काडतुसाची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या वर थोडी, आणि वेग सेकंदाला ७०० फुटांच्या पुढेमागे. पिस्तुलाची ७१ ग्रेनची. डब्यावर हा आकडा असतो, तोही पडताळून घ्या. जुन्या नळीसाठी नुसत्या शिशाची गोल नाकाची गोळी मला सगळ्यात बरी वाटते. शिसं मऊ, नळीतल्या आट्यांना ओरबाडत नाही. गोळीवर तांब्याच्या रंगाचं कवच असेल तर नळीच्या आट्या किती उरल्यात हे मिस्त्रीला आधी बघू द्या. नेमबाज मंडळी चपट्या तोंडाची, पुंगळीच्या काठाशी सपाट बसणारी वॅडकटर काडतुसं वापरतात. लापुआ आणि फियोची ही बाहेरची नावं त्यात प्रसिद्ध आहेत. ती मवाळ असतात, जुन्या रिव्हॉल्वरला मानवतात, कागदावर भोकही कंपासनं काढल्यासारखं पडतं. पण ती आयातीची, आपल्यासारख्याच्या हाताला सहसा लागत नाहीत.

लागतं ते देशी. बुडावर केएफ असेल तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, आणि हा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या आणि खडकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली, त्यामुळे नव्या आणि जुन्या डब्यांवरची नावं वेगळी दिसतील. त्यानं गोंधळू नका. इकडे आपल्या विदर्भात अंबाझरी, भद्रावती, जवाहरनगर असे कारखाने, पुलगावला एवढा मोठा डेपो. माझा साळा दरवेळी म्हणतो, पुलगाव तर आपल्या हाकेवर आहे, तिथून आणू. अरे बाप्पा, तो डेपो फौजेचा आहे. आपल्यासाठी रस्ता एकच, लायसनवालं दुकान आणि त्याची पक्की पावती. कोणी 'घरची भरलेली' काडतुसं स्वस्तात देतो म्हणाला तर ती बेकायदेशीर तर आहेतच, वर आत किती दारू भरली ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

दुकानात घाई करू नका. 'बत्तीस द्या' म्हणू नका. 'बत्तीस रिव्हॉल्वरचं, लाँग' असं म्हणा, डबा उघडून घ्या आणि एकेक काडतूस हातात घेऊन बघा. बुडाच्या मधली टोपी, जिच्यावर घोडा आदळून दारू पेटते, ती बुडाशी सपाट किंवा किंचित आत असावी. वर आलेली असेल तर सिलिंडर फिरताना घासेल. आधीच टोचलेली, म्हणजे कोणाच्या तरी हत्यारात न वाजलेली टोपी असेल तर परत द्या. गोळी बोटांनी हलत किंवा फिरत असेल तर नको. पितळेत ताक ठेवलं की जसा हिरवा रंग चढतो तसा डाग कुठे दिसला तरी नको. सगळी एकाच लॉटची मागा. डब्यावर लॉट नंबर आणि साल असतं, ते वहीत लिहून ठेवा. एकाच लॉटची असली म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष हत्याराचा की काडतुसाचा, हे कळायला सोपं जातं. किती घ्यायची? लायसनवर एका वेळी किती आणि वर्षाला किती हा आकडा असतो, त्याच्या आत. मी कधीच आकडा भरून घेत नाही. ठेवून ठेवून शिळं करण्यात काय अर्थ?

बसतं का ते मिस्त्रीसमोर बघायचं, नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर. सहाही काडतुसं आपल्या वजनानं घरात घसरली पाहिजेत, अंगठ्यानं दाबावं लागता कामा नये. कडा एका पातळीत आल्या पाहिजेत. सिलिंडर बंद करून हातानं हळू फिरवलं तर कुठेही अडायला नको. घोड्याला अजिबात हात लावायचा नाही. सगळी काडतुसं बाहेर काढून मग घोडा रिकाम्या घरावर ओढून सिलिंडर लचकतं का तेही मिस्त्री बघेल. घर आणि नळी एका रेषेत येत नसतील तर कितीही चांगलं काडतूस घ्या, शिशाची कपची बाजूला उडते. शेजारी उभ्या माणसाच्या गालाला ती मी लागलेली पाहिली आहे.

आता वाजवून बघणं. शेतात नाही, मालगुजारी तलावाच्या पाळीवर नाही, आणि पोराच्या वरातीत तर नाहीच. आनंदात केलेल्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला दर धानाच्या हंगामात कोणी ना कोणी विचारतं, काकाजी, रानडुकरावर चालते का तुमची? नाही चालत. कायद्यानं नाही आणि अकलेनंही नाही. एवढ्याशा गोळीनं जखमी झालेलं डुक्कर बांधावरच्या माणसाला फाडेल. रेंजवर जा, परवानगी घ्या, डोळ्यांना चष्मा आणि कानांना झाकण लावा, आणि पहिल्यांदा सिलिंडरमध्ये एकच काडतूस घाला.

ते वाजलं की पुंगळी काढून उन्हात धरा. ती बोटानं ढकलताच निघायला हवी. चिकटून बसली, फुगली, उभी चिरली, किंवा टोपी चपटी होऊन पोळीसारखी पसरली, तर दाब जास्त होतोय किंवा घर खराब आहे. तिथेच थांबा. चाप ओढूनही वाजलं नाही तर नळी समोरच धरून मनात साठ आकडे मोजा, मगच उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर?

हे मी स्वतः भोगलं आहे. २००६ च्या पावसाळ्यात मी काडतुसं भरलेलीच ठेवली आणि गंज लागू नये म्हणून सिलिंडरमध्ये सढळ हातानं तेल सोडलं. शहाणपण! दोन महिन्यांत ते तेल टोपीच्या कडेनं आत झिरपलं. दिवाळीनंतर रेंजवर गेलो तर तिसरं काडतूस 'फुस्स' झालं, फटाक्याची वात विझावी तसं. माझं बोट चवथ्यासाठी चापावर गेलंच होतं. शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी मनगट धरलं. उघडून बघितलं तर गोळी नळीच्या मध्यात अडकलेली. चवथी तिच्यावर जाऊन आदळली असती तर नळी फुटली असती आणि बोटांचं काय झालं असतं ते सांगायला नको. तेव्हापासून हत्याराला तेल अगदी चिंधी फिरवण्यापुरतं, आणि काडतुसांना थेंबही नाही.

जाता जाता, कोल्टच्या नावातला 'पॉझिटिव्ह' म्हणजे घोड्याच्या आड येणारी खिटी. रिव्हॉल्वर हातातून पडली तरी घोडा टोपीवर बसू नये म्हणून ती. त्याहून जुन्या कित्येक रिव्हॉल्वरमध्ये ही सोय नाही. तिथे पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा.

ठेवायची जागा हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, टिनाच्या छताखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. त्या उन्हाळ्यांनी दारू लवकर जुनी होते. पावसात दमट. आजोबांच्या चामडी पट्ट्याच्या खाचांत तेवीस काडतुसं सापडली होती, सगळी हिरवी पडलेली. चामड्यातल्या रसायनांनी पितळ खाल्लं होतं. एका भाच्याला ती 'वाजवून बघायची' होती. मी मोजून, यादी करून ती जमा करून टाकली आणि पावती घेतली. जुनी काडतुसं विहिरीत टाकू नका, जाळू नका, खेळायला देऊ नका. लायसनच्या आकड्यात तीही धरली जातात. माझी आता खालच्या मजल्यावर, मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात असतात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रिव्हॉल्वर वेगळ्या कुलपात. किल्ल्या दोन, आणि त्या कुठे आहेत ते फक्त आम्हा दोघांना माहीत.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, हत्यार जमा करा. तेव्हा पावतीवर हत्याराचा नंबर लिहून घेतातच. तुम्ही काडतुसांचा आकडा आणि पुढे 'रिव्हॉल्वरची' असा शब्दही लिहून घ्या. माझ्या मागच्या पावतीवर आहे: बत्तीस रिव्हॉल्वर लाँग, जिवंत राउंड अठरा.